कांचेंतील पुराण

आपल्या सुभाषितकारांनीं कांचेवर मोठा अन्याय केलेला आहे. जेथें जेथें तिचें नांव येतें, तेथें तेथें तिला मण्याच्या शेजारीं उभी करून तिची फजिती केलेली असते. कोणी मूढानें मणि टाकून कांच उचलली, कोणी मण्याला पायीं तुडवून कांच मस्तकीं धारण केली, असले दृष्टांत आमच्या विद्यार्थिदशेंत इतके घोकून घेतले जात कीं, कांच म्हणजे हलकी वस्तु, कांच म्हणजे खोटा डौल, हें समीकरण मनांत घट्ट बसून जाई. पुढें तेच श्लोक मीं वर्गावर्गांतून मुलांकडून पाठ करून घेतले. अशा मनुष्यास फ्रान्स देशांतील शार्त्र येथील देवालय पाहण्याचा योग यावा आणि तेथें कांचेनें मण्याचें सिंहासन बळकाविलेलें दिसावें, ह्यांत दैवाचा कांहींसा विनोद आहे, असें मला वाटतें.

कांचेला हा मान मिळाला तो एका ग्रंथवचनाच्या आधारानें. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या अखेरच्या पुस्तकांत, ज्याला मराठींत ‘प्रकटीकरण’ म्हणतात, स्वर्गीय यरुशलेम नगरीचें वर्णन आहे. त्या नगरीच्या तटाचे बारा पाये बारा जातींच्या रत्नांनीं मढविलेले. नगरी शुद्ध सोन्याची, पण तें सोनें कसें, तर निर्मळ कांचेसारखें. म्हणजे मणि, कांच आणि कांचन ह्या तिघांचें वैर तेथें मुळांतच मिटलेलें आहे. पॅरिसनजीक सां दनी म्हणून एक प्राचीन मठ आहे. ११२२ पासून ११५१ पर्यंत सुजेर नांवाचा मोठा कर्तबगार मठाधिपति त्या गादीवर होता. त्यानें देवालयाचा पूर्वेकडील भाग नव्यानें बांधविला व ११४४ सालीं त्याची प्रतिष्ठा केली. रंगीत कांचेचें काम त्यापूर्वीही होत असे; परंतु भिंतीची जाडी कमी करून तिच्या जागीं कांचच उभी करावी आणि देवालय म्हणजे त्या रत्ननगरीचा जणूं नमुना करावा, ही कल्पना त्या बांधणींत प्रथम ठसठशीतपणें दिसली. निळ्या कांचेचा उल्लेख तो नीलमण्याचें द्रव्य अशा शब्दांत करतो. रत्नांचें तेज पाहतां पाहतां आपलें मन जडाकडून अमूर्ताकडे नेलें जातें, असेंही त्यानें लिहून ठेविलें आहे. ज्यास ही भाषा परकी वाटेल, त्यानें आपल्या पोथ्यांतील मणिद्वीपाचें वर्णन काढून पहावें.

सर्वांसच हें पटलें असें मात्र नाहीं. त्याच काळीं क्लेअरव्हो मठाचा बर्नार्ड म्हणून मोठा विरक्त पुरुष होता. तो ज्या सिस्टर्शियन संप्रदायाचा, त्या संप्रदायानें आपल्या मठांपुरता नियमच करून टाकला कीं, खिडक्यांची कांच पांढरी असावी, तींत चित्र नसावें, क्रूससुद्धां नसावा. सगुण आणि निर्गुण ह्यांचा हा झगडा आपल्या घरचाच आहे. म्हणून तो वाचतांना मला मुळींच नवल वाटलें नाहीं. नवल एवढेंच कीं, एका धर्मांत दोघेही मानाचे धनी होऊन नांदले. 

माझे चिरंजीव नोकरीनिमित्त पॅरिस येथें असतात. गेल्या ज्येष्ठांत आम्हीं उभयतां त्यांच्याकडे दोन महिने होतों. नातू नऊ वर्षांचा. त्याचा जन्म तिकडचाच. मराठी त्याला समजतें, पण तोंडांतून फ्रेंच आधीं बाहेर पडतें. आणि देवनागरी अक्षरें त्याला चित्रांसारखीं दिसतात. दोन महिन्यांत ह्याच्याशीं आपलें काय नातें जुळणार, ही चिंता मला इकडून निघतांनाच लागली होती. रामरक्षा शिकवावयास घेतली, ती चौथ्या श्लोकाला अडली. तेव्हां सूनबाईंनीं सुचविलें कीं, त्याला शाळेंत मध्ययुगाची माहिती चालली आहे, तर सगळे मिळून शार्त्रला जाऊं. पॅरिसहून आगगाडीनें सुमारें तासाभराचा प्रवास. दोहों बाजूंस गव्हाचीं सपाट शेतें, आणि त्या शेतांवर एकाएकीं दोन शिखरें दिसूं लागतात, तीं एकसारखीं मात्र नाहींत. एक साधें व दुसरें नक्षीदार. गांव नंतर दिसतें.

येथें एक खाजगी गोष्ट सांगणें प्राप्त आहे. माझ्या उजव्या डोळ्यांतील मोतीबिंदु माघांत काढला होता. डावा अजून काढावयाचा होता. मोतीबिंदूमुळें डोळ्यांतील भिंग हळूहळू पिंवळें पडतें व निळा रंग त्यांतून पुरता आंत येतच नाहीं. हें इतकें सावकाश घडतें कीं, मनुष्यास आपलें कांहीं हरवलें आहे ह्याची वार्ताही नसते. देवालयाच्या आंत आलों, अंधाराची संवय होऊं दिली, आणि पश्चिमेकडील तीन उंच खिडक्यांकडे तोंड केलें. डाव्या डोळ्यानें पाहिलें, तर मळकट शेवाळी रंगाची कांच. उजव्यानें पाहिलें मात्र, आणि तो निळा दिसला. त्याला काय म्हणावें, तें मला अद्याप सुचलेलें नाहीं. आकाशाचा नव्हे, मोराचा नव्हे. मीं कितीतरी वेळ एकदां हा डोळा व एकदां तो डोळा झांकून पाहत उभा होतों, नातवानें तें पाहून तसेंच करावयास आरंभ केला, व आमची सौभाग्यवती म्हणाली, “लोक बघताहेत हो.”

ह्या तीन खिडक्या बाराव्या शतकाच्या मध्याच्या आहेत. ११९४ सालीं शार्त्रच्या देवालयास प्रचंड आग लागली. त्यांतून पश्चिमेची बाजू व ह्या खिडक्या वांचल्या. शिवाय ‘सुंदर काचेची माता’ म्हणून जी मरीयेची प्रतिमा प्रसिद्ध आहे, तिचा मधला भागही वांचला. बाकीचें सारें पुन्हा उभारावें लागलें, आणि तें लोकांनीं अवघ्या एका पिढीच्या अवधींत उभारलें. आज तेथें सुमारें १७६ खिडक्या आहेत व बहुतेक कांच तेराव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतील आहे.

ती करीत कशी, ह्याचें वर्णन थिओफिलस नांवाच्या एका साधूनें बाराव्या शतकाच्या आरंभीं लिहून ठेविलें आहे. तें वाचतांना आपल्याकडील शिल्पग्रंथाची आठवण होते. बीच नांवाच्या झाडाच्या लांकडाची राख दोन भाग व स्वच्छ वाळू एक भाग घेऊन भट्टींत वितळवावयाची. चुन्यानें पांढऱ्या केलेल्या मेजावर चित्राची रेघाटणी करावयाची. तापलेल्या लोखंडानें कांचेला तडा देऊन हवा तसा तुकडा काढावयाचा. आणि शेवटीं सारे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवावयाचे. चेहऱ्याच्या व वस्त्राच्या रेषा काढावयास जी शाई लागे, ती कांचेची पूड व धातूचें भस्म मद्यांत किंवा मूत्रांत खलून करावी, असें तो निःसंकोच सांगतो. तांबड्या कांचेंत तांब्याचा अंश असतो आणि ती जाड केली तर काळीच दिसते. म्हणून पांढऱ्या कांचेवर तिचा पातळ थर देत. निळी होते ती कोबाल्टमुळें. शिशाच्या काळ्या पट्ट्या मला आधीं ओंगळ वाटल्या. पण थोड्या वेळानें लक्षांत आलें कीं, चित्राची बाह्यरेषा तीच आहे आणि तिच्यामुळेंच शेजारचा रंग इतका पेटलेला दिसतो.

बाहेरून पहावें, तर हीच खिडकी काळवंडलेली व अर्थशून्य दिसते. जें कांहीं आहे तें आंत आलेल्यासाठीं. आपल्या देवळांची योजना नेमकी उलट आहे. आपण सभामंडपांतील उजेडांतून अंतराळांत, अंतराळांतून गाभाऱ्याच्या अंधारांत जातों, आणि तेथें एका नंदादीपाच्या प्रकाशांत देवाचें मुख पाहतों. सूर्यदेव आपल्या गाभाऱ्यांत आला तर पाहुणा म्हणून, कोल्हापूरच्या किरणोत्सवाप्रमाणें वर्षांतून ठराविक दिवशीं. शार्त्रला तो रोजचा पुजारी आहे. सकाळीं पूर्वेच्या कांचेंतून येतो, दुपारीं दक्षिणेची बाजू उजळतो, आणि मावळतांना पश्चिमेच्या चक्राकार खिडकींतून आंत पाहतो. त्या चक्रांत चित्र आहे जगाच्या अंतींच्या न्यायनिवाड्याचें. उत्तरेकडे, जिकडे ऊन थेट फारसें येत नाहीं, तिकडे ख्रिस्तपूर्व राजे व प्रवक्ते, दक्षिणेकडे ख्रिस्त. दिशा हीच पहिली अक्षरें, असें मीं नातवाला सांगितलें. तें त्याला चटकन समजलें. कारण घरीं संध्येस बसतांना मी पॅरिसमध्येंही पूर्व कोणती हें विचारून घेत असें, हें त्यानें पाहिलें होतें.

प्रकाश आणि कांच ह्यांचा आणखी एक अर्थ त्या काळच्या धर्मोपदेशकांना फार प्रिय होता. सूर्यकिरण कांचेंतून आरपार जातो, तरी कांच भंगत नाहीं. त्याप्रमाणें ईश्वराचा पुत्र कुमारी मरीयेच्या उदरीं आला, तरी तिचें कौमार्य अभंग राहिलें. शिवाय, किरण जातांना कांचेचा रंग घेऊन बाहेर पडतो, तसा ईश्वरानें तिच्यापासून मनुष्यदेहाचा रंग घेतला. हें ऐकतांच कोणाही वेदान्त शिकलेल्यास स्फटिक आणि जास्वंदीचें फूल आठवेल. स्फटिकाशेजारीं जास्वंद ठेविली कीं स्फटिक तांबडा दिसतो. पण तांबडेपणा स्फटिकाचा नव्हे, ती उपाधि. फूल दूर करा, म्हणजे मूळचें शुद्धत्व उरतें. साहित्य दोन्हींकडे तेंच, पारदर्शक वस्तु आणि रंग. पण शेवट किती निराळा! आमचे आचार्य सांगतात, रंग ओळखा आणि सोडून द्या. ते म्हणतात, प्रकाशानें रंग घेतला हेंच तर आमचें भाग्य. तो सोडावयास सांगूं नका. दोन धर्मांतील खरा फरक मला पुष्कळ ग्रंथांपेक्षां त्या एका खिडकीखालीं अधिक स्वच्छ कळला.

कथांची ओळख मला अगदींच नव्हती असें नाहीं. फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटानें मराठींत रचलेलें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें छापलें गेलें. तें सुमारें अकरा हजार ओव्यांचें पुराण मीं निवृत्तीनंतर भाषेच्या गोडीसाठीं वाचलें होतें. त्याचे भाग दोन, पहिल्यांत जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. शार्त्रच्या कांचेची मांडणीही ह्याच जोडणीवर आहे. मात्र वाचण्याची रीत वेगळी. आपली पोथी वरून खालीं येते. ही खालून वर जाते.

हीं चित्रें निरक्षरांची पोथी होय, असें सर्वत्र सांगण्यांत येतें. इ. स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरीनें मार्सेच्या धर्माध्यक्षाला लिहिलेलें पत्र ह्या मताला आधार म्हणून दाखवितात. त्या धर्माध्यक्षानें देवळांतील चित्रें फोडलीं होतीं, व वाचतां न येणाऱ्यांना भिंतीवर तरी वाचूं द्यावें, अशी पोपनें त्याची कानउघाडणी केली. मास्तरकीच्या अनुभवावरून मला हें अर्धेंच खरें वाटतें. कित्येक चित्रें इतकीं उंचावर आहेत कीं, दुर्बिणीवांचून तीं मलाही दिसलीं नाहींत, आणि जीं दिसतात त्यांतील कथा ठाऊक नसेल, तर लांब झगे घातलेले पुष्कळ दाढीवाले गृहस्थ ह्यापलीकडे कांहीं बोध होत नाहीं. चित्र शिकवीत नाहीं. ऐकलेलें आठवून देतें. कीर्तनकार आधीं, चित्र मागून.

आतां पश्चिमेच्या त्या तीन खिडक्यांपैकीं उजव्या हाताची. खालीं इशाय नांवाचा वृद्ध निजलेला आहे. त्याच्या देहांतून एक वृक्ष उगवतो. वृक्षावर एकावर एक चार राजे, त्यांच्यावर मरीया, आणि सर्वांत वर ख्रिस्त, भोंवतीं सात पारवे. हे पारवे म्हणजे पवित्र आत्म्याचीं सात वरदानें. दोहों बाजूंस प्रवक्ते. इशायाच्या बुंध्याला कोंब फुटेल, असें यशया प्रवक्त्याचें भविष्य. त्याचें हें चित्र. लॅटिन भाषेंत कोंब किंवा काठी म्हणजे ‘विर्गा’ आणि कुमारी म्हणजे ‘विर्गो’. त्या श्लेषावर त्यांच्या पंडितांनीं पुष्कळ कोटिक्रम केलेला आहे. अशा शब्दश्लेषावर सिद्धांत उभारण्याची हौस आपल्याच शास्त्र्यांना आहे, असें मी समजत असें. ही बंधुभेट पाहून बरें वाटलें.

आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं कुलवृत्तांताचें जाडजूड पुस्तक असेल व त्यांत वंशवृक्ष असेल. मूळपुरुष खालीं, शाखा वर. सौभाग्यवतीनें त्या खिडकीकडे पाहून एवढेंच म्हटलें, “ह्यांच्या झाडावर बाई आहे.” आमच्या कुलवृत्तांतांत माहेरवाशिणींच्या ठिकाणीं कित्येक पिढ्यांपर्यंत केवळ ‘कन्या २’, ‘कन्या ३’ असे आंकडे आहेत. मीं कांहीं बोललों नाहीं.

उत्तरेच्या चक्राखालीं पांच उंच खिडक्या आहेत. हें चक्र तेराव्या शतकांतलें. फ्रान्सचीं कमळें व कॅस्टिलचे किल्ले ह्या राजचिन्हांवरून तें राणी ब्लांशच्या घराण्याचें दान समजतात. पांचांपैकीं चौघांत मलकीसदेक, दावीद, शलमोन आणि अहरोन. त्यांच्या पायांखालीं नबुखद्नेस्सर, शौल, यराबाम व फारो. म्हणजे चांगला वर व वाईट खालीं, असा सरळ हिशोब. पण मध्यावर राजा नाहीं, ऋषि नाहीं. तेथें सांवळ्या मुखाची एक वयस्क स्त्री आहे व तिच्या कडेवर तान्हें मूल आहे. हें मूल म्हणजे बाळ मरीया; आणि ती स्त्री संत आन्ना, मरीयेची आई, ख्रिस्ताची आजी. १२०४ सालीं कॉन्स्टँटिनोपलची लूट झाली, त्यानंतर ह्या आन्नेचें मस्तक शार्त्रला आणण्यांत आलें, म्हणून तिला हा मान. हें सर्व सूनबाईंनीं पुस्तकांतून वाचून दाखविलें. ‘आजी’ हा शब्द कानीं पडतांच आमच्या सौभाग्यवतीनें हात जोडले. नंतर माझ्याकडे पाहिलें, बहुधा मी कांहीं म्हणतों कीं काय म्हणून. ज्यांच्या कुलाचाराची यादी चार पानें भरते, अशा घरांतील ती बाई. पण परक्या देवळांत हात जोडावे कीं नाहीं हा प्रश्न तिनें शास्त्रावर सोडला नाहीं, आणि मीही त्यांत शास्त्र आणलें नाहीं.

तिला आणखी एके ठिकाणीं ओळख पटली. प्रदक्षिणेच्या वाटेवर एक खिडकी आहे, तींत बारा महिन्यांचीं कामें व त्यांसमोर बारा राशि आहेत. मेंढा, बैल, विंचू, मासे. पंचांगांतल्या त्याच आकृति. ज्यांना हें पहावयास इतक्या दूर जाणें नको, त्यांनीं मुंबई विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहांतील चक्राकार खिडकी पहावी. १८७४ सालीं पूर्ण झालेल्या त्या इमारतींत कांचेवर राशिचक्रच आहे. 

दक्षिणेच्या चक्राखालील खिडक्यांसमोर मात्र नातवानें मला ओढून नेलें. मध्यें मरीया व बाळ. दोहों बाजूंस दोन दोन धिप्पाड पुरुष उभे आहेत, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर एक लहानसा मनुष्य बसलेला आहे, जत्रेंत बापाच्या खांद्यावर पोर बसावें तसा. खालचे चार जुन्या करारांतील प्रवक्ते यिर्मया, यशया, यहेज्केल, दानीएल. वरचे चार ख्रिस्तचरित्रकार लूक, मत्तय, योहान, मार्क. शार्त्रच्या देवालयाच्या शाळेंत बाराव्या शतकाच्या आरंभीं बर्नार्ड नांवाचा एक अध्यापक होता (मघांचा विरक्त बर्नार्ड तो हा नव्हे). तो म्हणे, आपण राक्षसांच्या खांद्यांवर बसलेले खुजे लोक आहों. आपल्याला त्यांच्याहून दूरचें दिसतें तें आपल्या उंचीमुळें नव्हे, तर त्यांनीं आपल्याला उचलून धरिलें म्हणून. त्याचें हें बोलणें सॅलिसबरीच्या जॉननें ११५९ मध्यें नोंदून ठेविलें, आणि पुढें हाच जॉन शार्त्रचा धर्माध्यक्ष झाला. खिडकी त्या उक्तीवरूनच केली, असें म्हणण्यास पुरावा नाहीं. पण गांव एकच आहे. मीं हें मोठ्या उत्साहानें सांगितलें. नातू म्हणाला, “पण आजोबा, खालच्याला काय दिसतं?” मीं विद्यार्थ्यांना पुष्कळ प्रश्न विचारले असतील, हा मला कोणी विचारला नव्हता.

आतां एका विषयांतराची परवानगी असावी. २००९ पासून ह्या देवालयाच्या अंतर्भागाची सफाई सुरू झाली. शतकांची काजळी निघाली, भिंती फिकट पिंवळट झाल्या, आणि खांबाजवळची जी मरीया ‘काळी’ म्हणून पूज्य होती, ती गोरी निघाली. त्यावर मोठें वादळ झालें. काळोख गेला, त्याबरोबर कांचेचें गूढही गेलें, असें एक पक्ष म्हणतो. मूळ हेंच, बाकीचा मळ होता, असें दुसरा. आपल्याकडे २०२२ सालीं वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचे थर काढले, तेव्हां अशीच घालमेल कित्येक भाविकांची झाली. माझ्यापुरतें म्हणाल, तर नुकताच एक डोळा धुऊन निघालेला असल्यामुळें मी सफाईच्या पक्षाचा आहें.

दक्षिणेच्या बाजूस एक खिडकी आहे, तिच्यापाशीं आम्हीं सर्वांत अधिक वेळ होतों. तींत ख्रिस्तानें सांगितलेली शोमरोनी मनुष्याची कथा आहे. एक वाटसरू यरुशलेमहून यरीहोस निघाला. चोरांनीं त्याला लुटून, झोडपून, अर्धमेला टाकला. त्या वाटेनें एक याजक आला, तो पाहून पलीकडून निघून गेला. मग एक लेवी, म्हणजे देवालयाच्या सेवेचा वंशपरंपरागत अधिकारी, तोही तसाच गेला. शेवटीं एक शोमरोनी आला. यहुदी लोक ज्यांच्या हातचें पाणी पिणेंही टाळीत, त्या जातीचा हा. त्यानें जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेंत नेलें, पैसे दिले. खिडकीच्या वरच्या भागांत आदम व हव्वा ह्यांच्या उत्पत्तीची व पतनाची कथा आहे. कारण त्यांच्या टीकाकारांच्या मतें वाटसरू म्हणजे आदम, अर्थात् मनुष्यजात. चोर म्हणजे पाप. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त. धर्मशाळा म्हणजे धर्मसंस्था. एवढें सगळें रूपक जुळवितांना याजक कोण, ह्याविषयीं टीकाकार जुन्या धर्माकडे बोट दाखवितात. आपल्याकडे कोणी दाखवीत नाहीं. ज्या नवव्या लुईनें पॅरिसमध्यें रंगीत कांचेचें दुसरें अद्भुत, सांत शापेल, १२४८ सालीं पूर्ण करविलें, त्याच्याच राज्यांत १२४२ सालीं यहुद्यांच्या तालमुद ग्रंथाच्या कित्येक गाडे भरून प्रती त्याच शहरांत जाळण्यांत आल्या. म्हणून त्यांच्या कांचेपुढें आपण मान खालीं घालावी, असें मी सुचवीत नाहीं.

परंतु त्या खिडकीच्या अगदीं तळाशीं, जेथून वाचावयास आरंभ करावयाचा, तेथें चांभार आहेत. जोडे शिवीत बसलेले चांभार. आणि खिडकी अर्पण करणारे चांभार. शार्त्रच्या अशा पुष्कळ खिडक्यांच्या पायथ्याशीं रोटीवाले, सुतार, कातडें कमावणारे आहेत. पैसा खरोखरच त्यांनीं दिला कीं देवालयाच्या अधिकाऱ्यांनीं त्यांना असें दाखविलें, ह्याविषयीं अलीकडे संशोधकांत मतभेद आहे. तो कसाही मिटो. आठशें वर्षें हे लोक आपलें हत्यार हातांत घेऊन देवाच्या घरांत बसलेले आहेत, हें तर डोळ्यांनीं दिसतें. आपल्याकडे चोखामेळ्याची समाधि महाद्वाराबाहेर आहे, आणि विठ्ठलाचें दार सर्वांस मोकळें व्हावें म्हणून साने गुरुजींना १९४७ सालीं मे महिन्यांत पंढरपुरास उपोषण करावें लागलें.

“हा थांबत का नाही?” नातवानें याजकाकडे बोट दाखवून विचारलें. सूनबाई म्हणाल्या, त्याला घाई असेल. मी म्हणालों, “त्याला विटाळ होईल असें वाटलें.” विटाळ म्हणजे काय, हें त्याला ठाऊक नव्हतें. फ्रेंचमध्यें त्याला शब्द सांपडेना, आणि चिरंजीवही गप्प राहिले. तेव्हां मीं त्याला सांगितलें. माझे आजोबा, म्हणजे त्याचे खापरपणजोबा, आमच्या गांवच्या देवळाचे वंशपरंपरेचे पुजारी होते. वेदसंपन्न, निर्लोभी, आयुष्यांत कोणाची कवडी त्यांनीं बुडविली नाहीं. साने गुरुजींच्या उपोषणानंतर गांवांतील कांहीं मंडळी चांभारवाड्यांतील लोकांना घेऊन देवळापाशीं आली, त्या दिवशीं आजोबा दाराच्या आंतल्या बाजूस उभे होते आणि दार लावलेलें होतें. माझे वडील तेव्हां बारा वर्षांचे होते; अडसर धरावयास त्यांना बोलाविलें होतें. हें वडिलांनीं मला त्यांच्या अखेरच्या आजारांत एकदां सांगितलें, पुन्हा कधीं काढलें नाहीं. आजोबांच्या तसबिरीला आमच्या घरीं रोज हार असतो, व तो मीच घालतों.

सौभाग्यवती म्हणाली, “एवढं कशाला सांगायचं लहान मुलाला?” चिरंजीवांनाही हें ठाऊक नव्हतें, ते माझ्याकडे पाहत राहिले. नातू मात्र खिडकीकडेच पाहत होता. दुपार कलली होती व ऊन त्या बाजूनें येत होतें, त्यामुळें त्याच्या सदऱ्यावर व फरशीवर तांबडेनिळे ठिपके पडले होते. बराच वेळ त्यानें चौकटी बोटानें मोजल्या, आणि मग विचारलें कीं, पुढें तो याजक परत आला का.

कथेंत तें सांगितलेलें नाहीं, असें मीं त्याला सांगितलें. “पण वरच्या चौकटींत?” मीं उजव्या डोळ्यानें पुन्हा एकदां सगळ्या चौकटी पाहिल्या. मग चिरंजीव म्हणाले, गाडीला पाऊण तास आहे, स्टेशनपर्यंत चढउतार आहे, आईला सावकाश चालावें लागेल.